रुखवतातला मोर

वाडी, नागपूर
९ जून २०२५

सौ. विहीणबाई मैनाबाई यांना धम्मानंदचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. आजकाल घरी पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं, म्हणून आधीच सांगितलं. तुमच्या प्रज्वलने तुमच्या फोनवर माझा नंबर ब्लॉक करून ठेवलाय आणि माझ्या वैभवीने माझ्या फोनवर तुमचा. तो पुन्हा उघडायचा कसा ते मला येत नाही, तुम्हालाही येत नसणार, आणि ज्यांना येतं त्यांनीच तर बंद केलाय. मधे एकदा तुमच्या मालकांच्या, बाबनरावांच्या बटनाच्या फोनवर लावून पाहिला. मी माझी बाजू सविस्तर मांडली, ते प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत राहिले. शेवटी विचारलं, "मंग काय ठरलं म्हनता, भाऊ?" तर म्हणाले, "हं." तेव्हा मी पोस्टात जाऊन पाकिटं आणली.

पोरांचंही चुकलं नाही. मे महिन्यात आपण दोघं फोनवर जे भांडलो, त्यात वैभवीचं बीपी वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटुशीला टेन्शन द्यायचं नाही. टेन्शन म्हणजे तिचा बाप आणि तिची सासू, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

म्हणून आता शांतपणे लिहितो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत मी काढलेली नाही. तुम्ही म्हणालात, माहेरी आई लागते आणि धम्मानंदच्या घरी बाई नाही. सरिता गेली ही बातमी मला तुमच्याआधी कळली होती. पण तिच्यामागे लेकीचं लग्न मी एकट्याने लावलं की नाही? तेही रुखवतासकट. बाकीच्या पोरींच्या रुखवतात आयाबायांनी केलेली मण्यांची तोरणं असतात. माझ्या पोरीच्या रुखवतात ट्रकच्या टायरचा मोर होता. जन्मभर पंक्चर काढलेल्या माणसाच्या हातचा.

तुमचा दुसरा मुद्दा डासांचा. "वाडीत ट्रक, धूळ अन् डास. माही सून तिथं नाही जाणार," असं तुम्ही म्हणालात. त्यावर मी वाद घालणार नाही, पुरावा देणार आहे. मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर डॉ. मोनाली कापसे नावाच्या मॅडम आल्या होत्या. त्यांच्या संस्थेचा उपक्रम आहे. आपल्यासारख्या साध्या लोकांनी आपापल्या घरचे डास पकडून त्यांना पाठवायचे. एक काळा पेला, त्यात पाणी, पाण्यात खरखरीत कागदाची पट्टी. डासाची मादी त्या पट्टीवर अंडी घालते. ती पट्टी, आणि सापडला तर अख्खा डास, कापूस घातलेल्या डबीतून पोस्टाने पाठवायचा. मॅडम तपासतात आणि मोबाइलवरच्या नकाशात आपल्या घरावर ठिपका लावतात. साधा डास निघाला तर हिरवा. डेंग्यूचा पट्टेवाला निघाला तर पिवळा. आणि त्यांचा खरा शोध आहे तो पाठीवर सोनेरी रेघा असलेल्या एका परदेशी डासाचा. तो इकडे असायलाच नको, पण मालाबरोबर कुठूनही कुठे पोचतो म्हणे. तो सापडला तर लाल.

"फक्त चापट मारू नका, काका," मॅडम म्हणाल्या. "चेंदा झाला की कोण होता ते कळत नाही."

माझ्या घरावर हिरवा ठिपका लागला की नकाशा छापून, फ्रेम करून तुम्हाला पाठवतो.

आपला व्याही,
धम्मानंद गजभिये

ता. क. मोर कसा आहे?

•

भिवापूर
१७ जून २०२५

व्याहीबुवा धम्मानंदजींना मैनाबाईचा जयभीम.

पत्र पोचलं. पोस्टमन दारातच थांबला. म्हणे, वाचून घ्या, काही वाईट असलं तर पाणी आणून देतो. मी म्हटलं, "व्याह्याचं हाये. वाईटच असन, पन पानी नको."

मोर मजेत आहे. अंगणात कडुनिंबाखाली बसवलाय. गल्लीतली पोरं त्याला बदक म्हणतात. तुम्ही त्याच्या शेपटीवर ट्रकवर लिहितात तसा तुमचा मोबाइल नंबर लिहिलाय, वर 'ऑर्डरप्रमाणे मोर व लांडोर मिळेल', त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, हे विकायचं आहे का. लग्नात रुखवत बघून माझी जाऊ म्हणाली होती, "पोरीकडचे कबाडीवाले हायेत काय वं?" तिला मी काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुमच्या बाजूने दिलं, एवढं समजा. त्या मोरात मी हौसेने सदाफुली लावली होती, पण आतलं पाणी काही केल्या जाईना, ती सडली.

आता बाळंतपणाचं. बाळंतिणीला शेक द्यायचा, अंगाला तेल लावायचं, धुरी द्यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. तुम्ही कसं न्हाऊ घालाल ते मला आत्ताच दिसतं. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात दाबता तसं बाळ दाबाल आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसाल.

आणि पुरावा तुम्हालाच देता येतो असं नाही. मी प्रज्वलच्या मागे लागून त्या मोनाली मॅडमकडून पेले आणि डब्या मागवल्या. तो उमरेडच्या खाणीतून दमून आला तरी त्याला सोडला नाही. आमच्या घरी मिरचीची पोती आहेत. माणूसच शिंकत आत येतो, डासाची काय बिशाद. पेला कुठे ठेवू म्हणून ह्यांना विचारलं. "हं" म्हणाले. तिथेच ठेवला.

तेव्हा पैजच लावा. ज्याच्या घरावर वाईट ठिपका, त्याने तोंड बंद ठेवायचं आणि वैभवी दुसऱ्याच्या घरी. पोरांना यातलं काही कळू द्यायचं नाही.

मैनाबाई रामटेके

•

वाडी
६ जुलै २०२५

विहीणबाई, जयभीम.

पैज मान्य. माझा पहिला निकाल आलासुद्धा. हिरवा. मॅडमनी शेरा मारलाय, 'नमुना उत्तम स्थितीत'. शाळेत असा शेरा मला कधी मिळाला नव्हता, म्हणून मी तो चहाच्या टपरीवर सगळ्यांना वाचून दाखवला.

डास पकडण्याची माझी पद्धत सांगतो. भिंतीवर बसला की त्याच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि ग्लास बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. थंडीने तो निमूट पडतो. परवा शेजारचे चंद्रभान बर्फ मागायला आले आणि आपल्या हाताने कप्पा उघडून बसले. "काहून गा धम्मानंद, डास गोठवून राहिला काय?" मी म्हटलं, "विहिणीले हरवून राहिलो." ते बर्फ न घेताच गेले.

सदाफुली सडली त्यात मोराचा दोष नाही. मी त्याच्या बुडाला चांगली भोकं पाडली होती. पण रुखवत मांडताना आमची मीराबाई आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "रुखवतात भोकाचं भांडं ठेवतेत काय गा? पोरीच्या संसारात काही टिकन काय?" मी असल्या गोष्टी मानत नाही, तुम्हीही मानत नाही. पण त्या दिवशी आई नसलेल्या पोरीच्या लग्नात मला कोणाचंही बोलणं नको होतं. मांडवाच्या मागे नव्या शर्टपँटवर मांडी घालून बसलो आणि सगळी भोकं पंक्चरच्या पॅचने बुजवली. मोराची बुजवली, लांडोरीचीही बुजवली. लांडोर टेबलावर मावली नाही म्हणून माझ्याच माळ्यावर राहिली, ती गोष्ट वेगळी. धम्मानंदचा पॅच आहे. टायर फाटेल, पॅच सुटणार नाही.

डिंकाचे लाडू करायला शिकलो. पहिल्या खेपेचा एक लाडू हातातून पडला तर फरशीचा टवका उडाला. लाडू शाबूत.

आणखी एक सांगायचं होतं. सरिताची पेटी उघडली. तिच्या जुन्या सुती साड्या आहेत, मऊ पडलेल्या. वैभवी कॉलेजात होती तेव्हापासून ती त्या बाजूला टाकायची. "पोरीच्या बाळाले दुपटी होतीन," म्हणायची. मी धुऊन वाळत घातल्या. दोरीवर त्या साड्या बऱ्याच दिवसांनी पाहिल्या, विहीणबाई. ही पोर एकदा माहेरी यावी, एवढंच मला पाहिजे.

तुमच्या ठिपक्याचं काय झालं?

धम्मानंद

•

भिवापूर
१५ जुलै २०२५

धम्मानंदजी, जयभीम.

माझा पहिला डास परत आला. मॅडमनी लिहिलंय, 'नमुन्याचा चेंदा झाल्याने ओळख पटत नाही'. काय करू, हात उठतोच. वर डबीत मिरचीपूड गेली होती म्हणे, तपासणारी पोरगी शिंकून बेजार झाली. आता मी डासाच्या वाटेला जात नाही. अंगणातल्या पेल्यातली पट्टी पाठवली आहे, तीत चापट मारण्यासारखं काही नव्हतं.

लाडवाचं ऐका. तुम्ही गुळाचा पाक पक्का केलात. गूळ नुसता विरघळवायचा, फेस आला की खाली उतरवायचा. डिंक तुपात थोडा थोडा टाकायचा, सगळा एकदम नाही. ही माहिती फुकट दिली आहे, त्याचा पैजेशी संबंध नाही.

साड्यांचं वाचून गप्प बसले. हे माझ्या हातून फार वेळा होत नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "काय झालं वं?" म्हणजे ह्यांचे महिन्याचे शब्द संपले.

तरी पैज ती पैज.

मैनाबाई

•

वाडी
३ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

चष्मा लावा. नकाशा उघडा. भिवापूरवर लाल ठिपका आहे.

मी आधी समजलो मोबाइलवर मिरचीचा डाग पडला. पुसून पाहिला, जात नाही. तुमच्या घरावरच आहे, कडुनिंबासकट. मिरचीच्या घरात डास येत नाही म्हणाल्या होतात. देशी येत नसेल. तुमच्याकडे थेट परदेशातून आला. पाठीवर सोनेरी रेघा असलेला पाहुणा तुमच्या अंगणात उतरला, मग त्याला पाटवडी-रस्सा खाऊ घातला की नाही?

मी जिंकलो आहे आणि मला ते लपवता येत नाही. खोलीला आकाशी रंग दिला. दारांना जाळ्या बसवल्या. आणि लेक यायची म्हणून माळ्यावरची लांडोर खाली काढली, पुसली, नवा रंग दिला आणि दाराशी मांडली. तीत पाणी भरून कमळाचा कंद सोडलाय. वैभवी येईपर्यंत फूल आलं पाहिजे. थेंबभर पाणी गळत नाही.

वैभवीला सातवा सरला की घ्यायला येतो. बाबनरावांना माझा निकाल सांगा. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

विजयी व्याही,
धम्मानंद

•

भिवापूर
९ ऑगस्ट २०२५

धम्मानंदजी, जयभीम.

तुम्ही जिंकलात. वैभवीला घेऊन जा.

मोनाली मॅडम येऊन गेल्या. तो डास मिरचीची पोती न्यायला येणाऱ्या ट्रकबरोबर आला असेल, दुसरं काही नाही. सगळं पाणी ओतून टाकलं, घर घासून काढलं. वैभवीला ताप नाही, काही नाही. काळजीचं कारण नाही.

मोर मी आत नेऊन ठेवलाय. उन्हाने रंग उडत होता.

एक मात्र माझं ऐका. ती लांडोर दाराशी ठेवू नका. बाळंतिणीच्या घराच्या दारात पक्षी नसावा. आमच्याकडे चांगलं मानत नाहीत. आजच्या आज पाणी ओतून द्या, कढत पाण्याने आतून घासा आणि परत माळ्यावरही नको, कुठेतरी लांब नेऊन टाका.

मैनाबाई

•

नागपूर
१४ ऑगस्ट २०२५

श्री. धम्मानंद गजभिये यांस,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या उपक्रमातले उत्साही स्वयंसेवक आहात, म्हणून हे जरा मोकळेपणाने लिहिते. मी आपल्याला तीनचारदा फोन केला. प्रत्येक वेळी आपण 'मोराच्या ऑर्डरी सध्या बंद आहेत' असं म्हणून फोन ठेवला.

विषय मोराचाच आहे. भिवापूर इथल्या एका घरी आम्हाला सोनेरी रेघांच्या डासाच्या अळ्या मिळाल्या. त्या टायर कापून केलेल्या एका मोराच्या पोटात होत्या. हा डास टायरच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवतो. ती महिनोन् महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत, पाणी मिळालं की फुटतात. त्या घरच्या बाई म्हणाल्या, मोर रस्त्यावर विकत घेतला, कोणाकडून ते आठवत नाही. पण मोराच्या शेपटीवर नंबर होता आणि तो आमच्या यादीत आपल्या नावापुढे आहे.

तो टायर कुठून आला, हे आम्हाला तातडीने कळायला हवं. त्याच मालातून आपण आणखी काही बनवलं असेल तर त्यातलं पाणी तपासून आमच्याकडे पाठवा. ते करेपर्यंत, कृपा करून, त्या घरी लहान मूल किंवा गरोदर बाई राहू देऊ नका. हा डास कोणता आजार पसरवतो की नाही ते तपासायला आम्हाला थोडा वेळ लागेल.

आपली,
डॉ. मोनाली कापसे

•

वाडी
१९ ऑगस्ट २०२५

मैनाबाई, जयभीम.

मोनाली मॅडमचं पत्र आलं. तुम्ही त्यांना सांगितलंत की मोर रस्त्यावर विकत घेतला. शेपटीवर माझा नंबर आहे, बाई. आणि असला मोर पैसे देऊन कोण घेईल?

तुमचं मागचं पत्र आलं तेव्हा मी चंद्रभानला म्हणालो होतो, विहीण हरली म्हणून अंधश्रद्धा काढून राहिली, बाबासाहेबांच्या लेकरांना लांडोर सोसत नाही म्हणते. खूप हसलो. पाणी ओतलं नाही. मॅडमचं पत्र वाचल्यावर लांडोरीत वाकून पाहिलं. कमळ आलं नव्हतं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या, खालपासून वरपर्यंत. मीच त्या गाळून डबीत भरल्या आणि मॅडमना नेऊन दिल्या. आता माझ्या घरावरही लाल ठिपका आहे.

टायर आमच्या घरामागच्या गोदामातले. बाहेरच्या देशातून आलेला जुना माल होता. रबर जाड, कापायला चांगलं. म्हणून दोन निवडून घेतले. मॅडमची माणसं दोन दिवस तिथे आहेत. मालकाने आधी कुरकुर केली, मग छप्पर घालायला कबूल झाला. मी त्यांच्याबरोबर एकेक टायर उलथा करतोय.

रुखवतातून मी माझ्या लेकीच्या घरी तो डास पाठवला. पोटुशी पोर रोज त्या मोरापाशी बसायची, मला माहीत आहे, तिने फोटो पाठवले होते. आणि तुमचा डास निघाला म्हणून मी तुम्हाला पाटवडी-रस्स्याचं विचारलं. लाज वाटते. पोरीच्या संसारात काही टिकावं म्हणून पॅच लावला होता. पॅच टिकला.

पैज मी हरलो. वैभवी भिवापूरलाच राहू द्या. तुमचं घर साफ झालंय, माझं व्हायचंय. सरिताच्या साड्या एसटीच्या पार्सलने पाठवतोय. त्याची दुपटी शिवा. पिवळ्या काठाची एक आहे, ती बाळाला पहिली गुंडाळा. बाकी काही मागत नाही.

वैभवीला यातलं सांगू नका. सांगायचंच असेल तर सांगा, बापाचा लाडू फार कडक झाला, म्हणून नेत नाही.

धम्मानंद

•

भिवापूर
२७ ऑगस्ट २०२५

व्याहीबुवा, जयभीम.

पार्सल मिळालं. ते तसंच बांधलेलं ठेवलंय. सोडणार नाही. ज्या घरच्या साड्या, त्या घरी शिवल्या जातील.

मी मॅडमशी खोटं बोलले, कारण त्या मोराकडे बोट दाखवून त्यांनी "हे कुठून आलं?" विचारलं तेव्हा माझ्या शेजारी तुमची लेक उभी होती. तिने घरातून तो मोर कोणाला उचलू दिला नव्हता. माझी जाऊ हसते म्हणून मी एकदा तो गोठ्यामागे टाकायला काढला, तर पोर म्हणाली, "आई, बाबांनी मांडवामागे बसून त्याचे पॅच लावले. मी पाहत होती." त्या दिवसापासून मी त्याला बदक म्हणणाऱ्या पोरांच्या मागे काठी घेऊन धावते. मग मॅडमना काय सांगू? लेकीच्या सासरच्या अंगणात बापाने डास पाठवला म्हणून?

मॅडम मोर जाळा म्हणत होत्या. मी म्हटलं, थांबा. चुलीवर पाणी उकळलं, आतून बाहेरून घासला, मग सळई लाल करून बुडाला भोकं पाडली. तुमचे पॅच सुटले नाहीत, हे खरं. त्यांच्या शेजारी नवी पाडावी लागली. आता त्यात लवंगी मिरची लावली आहे. मॅडमनी दर आठवड्याला पाहिलं, काही नाही. त्या म्हणाल्या, सगळीकडे असंच केलं तर पाऊस संपेपर्यंत ठिपके उतरतील.

तेव्हा तुम्ही आता हे करा. घरातल्या पाणी धरणाऱ्या प्रत्येक वस्तूला भोक पाडा, नाहीतर ती पालथी घाला. लांडोरीला पाडा. मीराबाई आत्या आडव्या आल्या तर माझं नाव सांगा. माठ रोज रिकामा. मॅडमचा हिरवा ठिपका आला की कळवा.

तो आला की वैभवी वाडीला येईल. आणि मी तिच्याबरोबर येईन. लेकीच्या माहेरी सासू बाळंतपण करायला गेल्याचं मीही ऐकलं नाही, तुम्हीही ऐकलं नसेल. लोक बोलतील. त्यांना लाडू फेकून मारा, तुमच्या हातचे. माहेर तुमचं, आईचं काम माझं. तुम्ही पाणी तापवायचं, बंब विझू द्यायचा नाही, आणि बाळाला हात लावायचा तो मी दिल्यावर. स्वयंपाकघरात मी असेन तेव्हा पाकाबद्दल बोलायचं नाही.

पैज कोणी जिंकली ते नातवंडाला विचारू.

मैनाबाई

ता. क. ह्यांना सांगितलं, दोन महिने नसेन. "हं" म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "दोन?"

•

भिवापूर
२३ नोव्हेंबर २०२५

धम्मानंदभाऊ, जयभीम.

मला फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात सगळे पत्र लिहू लागले, मीच राहिलो होतो.

नातीचा फोटो प्रज्वलने दाखवला. पिवळ्या काठात गुंडाळलेली. नाक तुमच्यावर गेलं आहे, आवाज मैनावर गेला असं प्रज्वल म्हणतो. मंगल झालं.

सोबत डबी आहे. घरात डास निघाला. चापट मारली नाही, ग्लास पालथा घातला. बर्फाचा कप्पा उघडत नाही म्हणून तो ग्लास सकाळपर्यंत तसाच ठेवला. मोनाली मॅडमला द्या. हिरवा निघाला तर मैनाला सांगा की घर बरं आहे, मी पाणी साठू देत नाही.

माझं जेवण चाललं आहे. भात होतो. वरण कधी होतं. तुम्हाला पत्र लिहायला बसलो ते खरं म्हणजे तिला लवकर पाठवा असं लिहायला. अर्धं लिहून थांबलो.

तुम्हाला माहीत नसेल. मैनाची आई ती लहान असताना वारली. तिचं पहिलं बाळंतपण इथंच झालं, सासरी, माझ्या आईच्या हाताखाली. न्यायला कोणी आलं नाही. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, बाकी सगळ्याबद्दल बोलते. मे महिन्यात तुमच्याशी भांडली तेव्हा मला वाटलं, सून सोडवत नाही. ते नव्हतं. आई नसलेल्या पोरीचं माहेर म्हणजे रिकामं घर, आणि आपल्यासारखं या पोरीचं होऊ नये, असं तिच्या मनात होतं. मग तुमच्या साड्या आल्या. त्या गाठोड्यावर हात ठेवून ती बराच वेळ बसली होती.

तुमचा ठिपका हिरवा झाला आणि दोघी वाडीला निघाल्या, त्या दिवशी मी स्टँडवर सोडायला गेलो. पोर खिडकीशी बसली. मैना तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली, नव्या लग्नाची पोरगी बसते तशी. मी विचारलं, "कधी येशीन?" म्हणाली, "माहेरून इतक्या लवकर कोनी येते काय?"

म्हणून घाई करू नका. राहू द्या तिला. मिरचीचं मी बघतो.

पाठवाल तेव्हा रिकाम्या हाताने पाठवू नका. माहेरून बाई रिकाम्या हाताने येत नाही. साडीचोळी नको. ती लांडोर द्या तिच्यासोबत, भोकं पाडलेली.

मोर इकडे एकटाच आहे.

बाबनराव